लेकी बोले, शोगुना लागे

"पन्नासाच्या वर मुलं? एका माणसाला?" कुंदावहिनींनी चालू नळी तशीच आळ्यात टाकली आणि कुंपणाशी आल्या.

"माणूस एक, बायका पुष्कळ. जपानचा शोगुन होता तो, म्हणजे तिथला लष्करी राज्यकर्ता, तोकुगावा इएनारी. १७८७ ते १८३७, अर्धं शतक गादीवर. आजचं टोकियो तेव्हा एदो. तिथल्या किल्ल्यातल्या जनानखान्यात काय शिजतंय, ह्याची कुजबुज गावभर. पण उघड बोलायची सोय नव्हती. राज्यकर्त्या घराण्यावर लिहायला बंदी, चित्र काढायला बंदी."

"मग लोकांनी केलं काय?"

"काय करणार? लेकी बोले सुने लागे."

टोकियोत निशी-कासाईला राहणाऱ्या माझ्या भाचीनं जपानी ठशांच्या चित्रांचं एक जाडजूड पुस्तक आणि काही सुट्या प्रती पाठवल्यात. तेव्हापासून आमचा संध्याकाळचा विषय ठरलेला. कॉलनीतली लग्नं, बदल्या आणि पाण्याची वेळ मागे पडली. हजार वर्षांपूर्वीच्या राजवाड्यातल्या भानगडी हाती लागल्यावर समोरच्या बिल्डिंगमधल्या भानगडीत काय राम!

"ह्यात लेक कोण?" वहिनींनी पदराला हात पुसले.

"लेक म्हणजे 'गेंजी मोनोगातारी'. मुरासाकी शिकिबू नावाच्या बाईनं अकराव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिलेली कादंबरी. चोपन्न अध्याय. सम्राटाचा देखणा मुलगा गेंजी, त्याची लफडी, त्याचं राजधानी सोडून समुद्रकाठी जाऊन राहणं, परत येणं, मोठा होणं. तो मेला तरी गोष्ट संपत नाही. पुढच्या पिढीची लफडी सुरू."

"आणि बाईनं लिहिलंय हे सगळं?"

"महाराणी शोशीच्या पदरी होती. खरं नाव काय होतं, ते आता कोणालाच ठाऊक नाही. लहानपणी भावाला चिनी शिकवायचे, तेव्हा ही शेजारी बसून ऐकायची आणि त्याच्या आधी हिला यायचं. बाप हळहळायचा, ही मुलगा का नाही झाली म्हणून. हे तिनंच रोजनिशीत लिहून ठेवलंय. आणि त्याच रोजनिशीत सेई शोनागोन नावाच्या दुसऱ्या लेखिकेला, स्वतःला फार शहाणी समजते म्हणून, चांगली धुतलीय."

"म्हणजे आपल्यातलीच की हो!"

आता खरी गंमत पुढे. १८२९ साली एदोत र्यूतेई तानेहिको नावाच्या लेखकानं हीच गोष्ट उचलली. हा सामुराई, पण बेताच्या हुद्द्याचा. त्यानं सम्राटाचा मुलगा काढून तिथं शोगुनचा मुलगा बसवला. अर्थात आत्ताच्या शोगुनचा नव्हे. पंधराव्या शतकातल्या आशिकागा घराण्यातला, म्हणजे पकडायला गेलं तर हात वर करायला मोकळा. नायकाचं नाव मित्सुउजी. पुस्तकाचं नाव साधारण 'नकली मुरासाकीचा गावठी गेंजी'. हप्त्याहप्त्यानं निघायचं, आणि प्रत्येक पानावर उतागावा कुनिसादाचं चित्र. चित्रातल्या माणसांच्या भोवती जी मोकळी जागा राहील, तिथं मजकूर. कोणतं पात्र कुठं उभं करायचं ह्याचा कच्चा आराखडा तानेहिको स्वतः काढून द्यायचा.

"पण बायकांच्या मागे लागणारा नायक लोकांना चालला?"

"त्याला सबब दिलीय ना. घराण्याची तलवार वगैरे चोरीला गेलीय. तिच्या शोधात म्हणे हा घरोघर हिंडतो."

"हो तर! तलवार नेमकी माजघरातच सापडणार!"

मी सुट्या प्रतींतली एक कुंपणावरून त्यांच्या हातात दिली. तीन कागद शेजारी शेजारी लावून पुरं होणारं चित्र आहे, १८५४ सालचं. माणसं कुनिसादाची, मागचा बर्फाळ देखावा हिरोशिगेचा. दोघांच्याही सह्या आहेत. दोघं आपापल्या कामातले बादशहा, आणि प्रकाशकानं दोघांना एका चित्रात बसवलं. आमच्याकडे दोन गवई एका मंचावर बसवताना किती मानापमान होतात ते आठवा! बागेत बर्फ पडलाय. बायका जमून बर्फाचा मोठाच्या मोठा ससा करतायत, आणि एका बाजूला उभा राहून मित्सुउजी बघतोय.

"हा तोच कशावरून? सगळ्यांचे चेहरे तर सारखेच."

वहिनींनी बरोबर बोट ठेवलं. मला कुनिसादाचं हेच खटकतं. लांबट चेहरा, वाकडं नाक, बारीक तोंड. बायको, मेव्हणी, दासी, सगळ्यांचा साचा एक. तो कपड्यांत जीव ओततो आणि चेहऱ्यावर हात आखडतो. पण नायक ओळखायची खूण मात्र पक्की आहे. "डोक्याकडे बघा. शेंडीचं टोक दुभंगलंय, कोळंबीच्या शेपटीसारखं. अशा केसांचा माणूस दिसला की समजायचं, हा गावठी गेंजी. कागदावर नाव असो वा नसो."

"आणि ज्याला मूळ पोथीच माहीत नाही त्यानं काय समजायचं?"

हा प्रश्न मलाही पडला होता. एदोतल्या मासळीवाल्यानं किंवा सुताराच्या बायकोनं आठशे वर्षांपूर्वीची दरबारी भाषा थोडीच वाचली असणार? पण गोष्ट माहीत असायला पोथी वाचावी लागत नाही. आपल्याकडे तरी मूळ महाभारत कितीजणांनी वाचलंय? आणि शकुनी म्हटलं की फासे सगळ्यांना दिसतात. तिकडेही खुणा ठरलेल्या. सुझुकी हारुनोबूनं १७६५ च्या सुमाराला पुष्कळ रंगांची छपाई गाजवली. त्याच्यासारख्या चित्रकारांनी एखादी आजच्या पोशाखातली तरुणी काढायची आणि तिच्या पायाशी दोरी बांधलेलं मांजर. बस्स, एवढंच.

"मांजर कशाला?"

"तीच तर सगळ्या घोळाला कारण. उतारवयात गेंजीला लग्न करून दिलं एका कोवळ्या राजकन्येशी, तिसरी राजकन्या म्हणतात तिला. एकदा अंगणात तरुण पोरं चेंडू खेळत होती. ही आत पडद्यामागे. तेवढ्यात मोठ्या मांजरानं छोट्याचा पाठलाग केला, गळ्यातली दोरी चिकाच्या पडद्यात अडकली, पडदा वर गेला, आणि काशिवागी नावाच्या पोराला ती दिसली. झालं! पुढे तिला मूल झालं ते काशिवागीचं, आणि मांडीवर घेतलं गेंजीनं."

"आणि त्याला कळलं नाही?"

"कळलं. चिठ्ठी सापडली. पण बोलतो कोणत्या तोंडानं? तरुणपणी ह्यानंच बापाच्या बायकोशी तेच केलं होतं. तिचं मूल बापानं आपलं म्हणून वाढवलं, आणि ते पुढे सम्राट झालं."

वहिनी बराच वेळ मांजराकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बाईचं डोकं मात्र चाललंय हां."

पुस्तकातल्या दुसऱ्या एका चित्राच्या कोपऱ्यात पाच उभ्या रेघा आहेत, काहींची डोकी आडव्या रेघेनं जोडलेली. ही अध्यायाची खूण. तिचा उगम सुगंधाच्या खेळात. पाच प्रकारच्या सुगंधी लाकडांच्या प्रत्येकी पाच पुड्या करायच्या, पंचवीस पुड्या मिसळायच्या, त्यातल्या कोणत्याही पाच उचलून एकामागून एक हुंगायला द्यायच्या. कोणते वास सारखे आणि कोणते वेगळे, हे खेळणाऱ्यानं रेघा जोडून दाखवायचं. पहिला आणि तिसरा सारखा वाटला, तर त्या दोन रेघांची डोकी जोडायची. अशा जितक्या आकृती होतात, त्या प्रत्येकीला गेंजीच्या एकेका अध्यायाचं नाव दिलंय.

"बावन्न होतील!" व्हरांड्यातून अण्णांचा आवाज आला. गणिताचे निवृत्त मास्तर ते, पेपरातून मान वर न करता ऐकत असतात. "पाच वस्तूंचे गट पाडायचे बावन्न प्रकार. त्याला बेल संख्या म्हणतात."

"अध्याय चोपन्न आहेत, अण्णा."

"मग दोन उरले."

उरलेच. पहिला आणि शेवटचा अध्याय मुळात खुणेवाचून राहिले. अण्णांना वहिनींनी सांगितलं, गणित झालं असेल तर नळ बंद करा.

मला ह्या सगळ्यात खटकणारी गोष्ट सांगायची तर ती कुंपणाचीच आहे. पाचव्या अध्यायात गेंजी डोंगरातल्या एका आश्रमापाशी संध्याकाळी हिंडतोय. काटक्यांच्या कुंपणातून आत डोकावतो, तर दहाएक वर्षांची मुलगी रडत येते. कोणीतरी तिची चिमणी सोडून दिलीय. मुलगी दिसायला नेमकी त्याच्या बापाच्या त्या बायकोसारखी. तिची भाचीच निघते. गेंजी तेव्हा अठराचा. पुढे तो तिला घरी घेऊन येतो, शिकवतो, वाढवतो आणि मग तिच्याशी लग्न लावतो. चित्रकारांचं हे भारी आवडतं दृश्य. कुंपण, कुंपणाबाहेर नटूनथटून उभा असलेला गेंजी, आत मुलगी, आणि वर कुठंतरी उडालेली चिमणी.

"पोलिसात द्यायला हवा होता मेल्याला," वहिनी म्हणाल्या.

चित्र सुंदर आहे हो, पण वहिनींचं म्हणणं मला पटलं. चिमणी गेली म्हणून रडणाऱ्या मुलीचं चित्र इतक्या वेळा आणि इतक्या नाजूक रंगांत काढलं गेलंय, की तिला विचारलं कोणी, हा प्रश्न रंगांखाली झाकून जातो. असो.

"त्या तानेहिकोचं पुढे काय झालं? तेवढं सांगा आणि मग मी भात टाकते."

तानेहिकोचं वाईट झालं. इएनारी वारला १८४१ मध्ये, आणि मिझुनो तादाकुनी नावाच्या कारभाऱ्यानं काटकसरीचा आणि सदाचाराचा बडगा उगारला. लोक म्हणत होते की गावठी गेंजीचा जनानखाना म्हणजे इएनारीचाच जनानखाना. खरं खोटं लेखकाला ठाऊक, पण १८४२ मध्ये त्याला बोलावणं आलं, पुस्तक बंद पडलं, छपाईचे लाकडी ठसे जप्त झाले. त्याच वर्षी तो गेला. कोणी म्हणतं आजारानं, कोणी म्हणतं जीव दिला.

आणि चित्रांवरही गदा आली. नटांची चित्रं बंद, गणिकांची बंद. रंग सात-आठांच्या वर वापरायचे नाहीत, आणि किंमत सोळा मोनच्या वर लावायची नाही. सोळा मोनला तेव्हा सोबा शेवयांची एक वाटी मिळायची. म्हणजे विचार करा, आज संग्रहालयात काचेमागे असलेलं चित्र तेव्हा माणूस नाश्त्याच्या पैशात घेऊन घरी जायचा.

"नट बंद, गणिका बंद. मग विकायचं काय?"

"काव्य!"

बाराशे पस्तीसच्या सुमाराला फुजिवारा नो तेइकानं शंभर कवींची एकेक कविता निवडली होती, 'ह्याकुनिन इश्शु'. मुलीबाळींना पाठ असायच्या. १८४५ पासून कुनिसादा, हिरोशिगे आणि कुनियोशी ह्या तिघांनी मिळून त्यावर शंभर चित्रांची मालिका काढली. वर कविता, तिच्याखाली थोडं विवेचन, आणि खाली इतिहासातला किंवा दंतकथेतला प्रसंग. तपासनिसानं बघितलं तर संस्कारक्षम. पण खालच्या वीराचं नाक, भुवई, हनुवटी बघितली की नाटकवेड्या गिऱ्हाइकाला कळायचं, हा तर अमका नट. नाव कुठंच नाही. आता कोण कोणाला पकडणार?

"देवाच्या फोटोमागे पत्ते लपवायचे म्हणा की."

बहुतेक लिहिणारे ह्याला चित्रकारांची पळवाट म्हणतात. मला ते पुरेसं वाटत नाही. बंदी आली नसती तरी अभिजात वाङ्मयाचा हाच उपयोग त्या गावानं केला असता, करतच होतं. दरबारातल्या गोष्टीला जोवर आजच्या गल्लीतला चेहरा मिळत नाही, तोवर गल्ली तिला घरात घेत नाही. आठशे वर्षं सरदारांच्या पेटाऱ्यात असलेला गेंजी सुताराच्या भिंतीवर चिकटला तो तानेहिकोच्या आगाऊपणामुळे.

कुनियोशीचा आगाऊपणा तर त्याहून वरचा. १८४३ मध्ये त्यानं जुन्या दंतकथेतला प्रसंग काढला. सरदार राइको आजारी पडलाय, त्याचे चार शिलेदार पहाऱ्याला आहेत, आणि मागून राक्षसी कोळी जाळं टाकतोय. कुनियोशीनं राइकोला झोपवलं, शिलेदारांना पटावर खेळायला बसवलं, आणि मागच्या काळोखात भुतांची फौजच्या फौज उभी केली. वरवर बघता पुराणातली वांगी. पण सुएताके नावाच्या शिलेदाराच्या अंगरख्यावर एका पाणवनस्पतीचं चिन्ह होतं, आणि तेच चिन्ह कारभारी मिझुनोच्या घराण्याचं!

"अगं बाई!"

"मग काय, गावभर खेळच सुरू झाला. झोपलेला राइको म्हणजे आत्ताचा शोगुन इएयोशी. भुतं म्हणजे ह्यांच्या फर्मानांनी पोटावर पाय आलेले लोक. मग हे भूत कोणत्या धंद्याचं, ते भूत कोण, ज्यानं त्यानं ओळखायचं. प्रकाशक इबाया सेन्झाबुरो इतका घाबरला, की चित्रं परत घेतली आणि ठसे तासून टाकले. कुनियोशीला मात्र काही झालं नाही. तो म्हणणार, मी कोळी काढला, बाकी तुम्ही बघितलंत. आणि गंमत ऐका, त्या शंभर कवितांच्या मालिकेचा प्रकाशकही हाच इबाया. म्हणजे घाबरला, पण सुधारला नाही. ते दुकान निहोनबाशीत अजून आहे. पंखे विकतात."

भात टाकायचा राहिला तो राहिलाच. वहिनी कट्ट्यावर टेकल्या आणि पुस्तक चाळू लागल्या. त्यांचा हात थांबला तो होकुसाईवर, आणि मला बरं वाटलं, कारण माझाही जीव तिथंच आहे.

त्याच शंभर कविता, पण होकुसाईनं १८३५-३६ च्या सुमाराला वेगळीच टूम काढली. कवितांचा अर्थ सांगतेय एक दाई. शाळा न शिकलेली, मनाला येईल तसा अर्थ लावणारी. एका कवीनं म्हटलंय की जिच्यासाठी जीवही दिला असता ती भेटली, आता मात्र पुष्कळ जगावंसं वाटतं. दाईच्या मते पुष्कळ जगावंसं केव्हा वाटतं? गरम पाण्याच्या कुंडात अंघोळ झाल्यावर! म्हणून चित्रात न्हाणीघर आहे आणि ऊन पाण्यातून निघालेली मंडळी सज्जात सैलावून बसलीयत. कवीचं प्रेम गेलं उडत. मला विचाराल तर ह्या दाईला काव्य कळलंय.

"शंभर आहेत ह्याची?"

"सत्तावीसच छापून झाली. मालिका अर्ध्यावर राहिली. पण त्याची काढलेली रेखाटनं पुष्कळ उरलीयत, आणि ती उरली ह्याचं कारण मोठं मजेशीर आहे."

चित्रकार पातळ कागदावर शाईनं रेखाटन करतो. ठसे कोरणारा ते उलटं करून रानचेरीच्या फळीवर चिकटवतो आणि रेघ ठेवून बाकीचं लाकूड कोरून काढतो. कपाळावरचे केस जिथं सुरू होतात, तिथं वस्तऱ्याच्या धारेइतक्या रेघा ठेवायच्या असतात. ते काम वस्तादाचं, शिकाऊ पोराकडे फक्त कपड्यांची नक्षी. कोरता कोरता मूळ कागद संपून जातो. मग प्रत्येक रंगाची वेगळी फळी, कागद दर वेळी नेमका त्याच जागी बसावा म्हणून फळीच्या कोपऱ्यात आणि कडेला खाचेच्या खुणा, आणि वरून बांबूच्या पानात गुंडाळलेल्या चकतीनं घासून छाप उठवायची. म्हणजे जे चित्र छापलं गेलं त्याचं होकुसाईच्या हातचं रेखाटन नष्ट झालं. जी छापायची राहिली, त्यांचंच रेखाटन वाचलं.

"आणि छापलेल्यावर नाव फक्त चित्रकाराचं?"

"चित्रकाराचं आणि प्रकाशकाचं. कोरणाऱ्याचं कधीमधी. छापणाऱ्याचं त्याहून कमी."

"सगळीकडे तेच," वहिनी म्हणाल्या आणि पान उलटलं.

पुढचं पान योशितोशीचं. त्याची चंद्राच्या शंभर चित्रांची मालिका १८८५ ते १८९२ अशी निघत होती, आणि मालिका पुरी झाली त्याच वर्षी तो गेला. एव्हाना शोगुन गेले, आगगाडी आली, फोटो आले. हे चित्र १८८६ चं. मागे पूर्ण चंद्र, वेल, पांढरी फुलं, आणि त्यात विरघळत चाललेली एक बाई. चेहरा इतका फिकट की कागदाचाच वाटावा. शरीरातून वेल आरपार दिसतो.

"ही पानं दुधीची आहेत," वहिनी एकदम म्हणाल्या. त्यांच्या कुंपणावर दुधी आहे, त्यांना कोण फसवणार?

"दुधीचीच आहेत. ही युगाओ. त्या वेलाचंच नाव तिला पडलंय. गेंजी एका साध्या गल्लीतून चालला होता, कुंपणावर ही फुलं दिसली. नोकराला तोडून आण म्हणाला. आतून एक पोर आली आणि फूल ठेवायला सुगंधी पंखा देऊन गेली, पंख्यावर कविता लिहिलेली. झालं सुरू. त्यानं आपलं नाव सांगितलं नाही, तिनं आपलं नाही. मग एके रात्री तो तिला एका ओसाड वाड्यात घेऊन गेला. मध्यरात्री उशाशी एक बाई उभी दिसली, रागावलेली. दिवा विझला. दिवा आणेपर्यंत ही गार."

"कितीची होती?"

"एकोणीस."

वहिनींनी चित्र डोळ्यांजवळ धरलं. "आणि ती उशाशी उभी राहिलेली कोण?"

"लेखिकेनं नाव घेतलेलं नाही. गेंजीचं एका मोठ्या घरच्या विधवेकडे येणंजाणं होतं, रोकुजो म्हणून. पुढे नवव्या अध्यायात तिचा आत्मा त्याच्या बायकोला धरतो, ते उघडच लिहिलंय. म्हणून बरेच जण इथंही तीच समजतात. पण काहीजण म्हणतात, त्या ओसाड वाड्यातलंच काहीतरी असेल."

"वाड्यातलं कशाला असेल?" वहिनींनी पुस्तक मिटून कुंपणावरून परत दिलं. "वाडा काय आज ओसाड पडलाय? तीच ती. नाव घेतलं नाही म्हणून काय आपल्याला कळत नाही?"